खानदेशची शिल्लक

पैसा शिल्लक टाकण्यांत जो वेळ खर्ची पडतो, तो त्या शिल्लकेच्या मोलाचा असतो काय, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून वारंवार निघूं लागला आहे. भाजी दोन रुपयांनीं स्वस्त मिळावी म्हणून अर्धा तास पायपीट करणारा गृहस्थ, महिन्याचा जमाखर्च लिहीत रात्रीं दिव्याखालीं बसणारी गृहिणी, आणि ठेवीवर पाव टक्का अधिक मिळावा म्हणून चार बँकांचे उंबरठे झिजविणारा पेन्शनर, हीं तिन्ही माणसें आपणां सर्वांच्या ओळखीचीं आहेत. त्यांची थट्टा करणारे म्हणतात कीं, हाच वेळ कमाईकडे लावला तर चौपट पदरांत पडेल. त्यांची बाजू घेणारे ‘थेंबे थेंबे तळें साचे’ एवढें म्हणून थांबतात. हिशोब मात्र दोहोंपैकीं कोणीच मांडीत नाहीं. तो एखाद्या प्रांताच्या अनुभवावर मांडून पाहावा असें आम्हांस वाटलें, आणि त्या कामीं जळगांव-धुळ्याचा मुलूख, म्हणजे जुना खानदेश, फार उपयोगी आहे. तेथें पैसा आला तो तापीच्या पुरासारखा आला, गेला तोहि तसाच. आणि शिल्लकेचे जितके म्हणून प्रकार आहेत तितके त्या लोकांनीं करून पाहिले.

इंग्रजांनीं १८१८ सालीं खानदेश घेतला व कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें कारभाराचें ठिकाण केलें, त्या वेळीं हा प्रांत उजाड झालेला होता. १८०२ सालीं होळकरी फौजेनें केलेली लुटालूट, तिच्यामागोमाग आलेला १८०३-०४ चा दुष्काळ, पुढें पेंढाऱ्यांचा उपद्रव, यांतून जें वांचलें तें जमिनींत पुरलेलें. पुरलेल्या हंड्यास व्याज सुटत नाहीं, हें त्या कुणब्यास आपल्याइतकेंच कळत होतें. परंतु जेथें उघडें ठेवलेलें मुद्दलच नाहींसें होतें, तेथें व्याजाचा विचार हा फुकटचा विचार होय. शिल्लकेचा पहिला धर्म वाढणें हा नसून टिकणें हा आहे, आणि खानदेशच्या लोकांस तो मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

त्यानंतर पैशाचा पूर आला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि इंग्लंडची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता चाळीसगांव, जळगांव, भुसावळ असा खानदेशांतून जात होता. काळी जमीन होतीच. आतां गिऱ्हाईक आलें आणि गाडीहि आली. कापसाचे भाव कित्येक पटींनीं चढले. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या ज्या गोष्टी त्या काळच्या सांगितल्या जातात, त्या अक्षरशः खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. पण अशी गोष्ट रचावीशी वाटली, हाच त्या दिवसांचा पुरावा आहे. कित्येकांनीं जुनें कर्ज फेडलें, कित्येकांनीं लग्नें थाटानें केलीं, दागिने घडविले, आणि पुष्कळांनीं चढत्या भावाच्या भरंवशावर नवें कर्ज काढून आणखी जमीन घेतली. एप्रिल १८६५ मध्यें जनरल ली शरण गेला आणि भाव कोसळला. मुंबईंत शेअरांचा बाजार बुडाला, मागाहून बँक ऑफ बाँबेहि बुडाली. खानदेशांत बुडण्यास बँक नव्हती. तेथें शेतें गहाण पडलीं.

त्या चार वर्षांत ज्यानें दागिने केले तो सुधारकांच्या दृष्टीनें उधळ्या ठरला. त्या पिढींतील विद्वानांस दागिन्यांत पैसा अडकविणें हा अडाणीपणा वाटे. लोकहितवादींनीं १८४९ सालींच ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अर्थशास्त्र मराठींत आणलें होतें, आणि निजलेल्या भांडवलाची निंदा करणें हें पुढें शिकलेल्या माणसाचें एक लक्षणच होऊन बसलें. आम्हांस मात्र येथें त्या अडाण्याचा पक्ष घ्यावासा वाटतो. गोट, तोडे, वाळे, सरी, कडदोरा हीच त्या घरची पेढी होती. ती राखण्यास वेळ लागत नसे, कारकुनापुढें हात जोडावे लागत नसत, सही येण्याची गरज नव्हती. आणि विशेष हें कीं, ती घरधन्याच्या हातांत नसून घरधनिणीच्या अंगावर असे. दारूच्या गुत्त्यावर किंवा भावकीच्या दाव्यांत तिचा एकदम चुराडा करणें सोपें नव्हतें.

या पेढीस आधार होता तो टांकसाळीचा. १८३५ पासून रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यांत निव्वळ चांदी १६५ ग्रेन, असें ठरलेलें होतें. टांकसाळ सर्वांस खुली होती. चांदी नेऊन द्यावी, थोडी टांकणावळ वजा व्हावी आणि रुपये घेऊन यावें. खेड्यांतील बाई कांहीं मुंबईस जात नसे. पण सोनार आणि सराफ यांच्यामागें ती टांकसाळ उभी असल्यामुळें, सोनाराची घट व कसर धरूनहि, तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ रुपया, हा हिशोब तिला तोंडपाठ होता. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळांत लोकांनीं मोडलेले दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळींत आले, आणि त्यांचे रुपये झाले. दागिन्यांनीं आपलें काम केलें.

मग २६ जून १८९३ रोजीं सरकारनें टांकसाळी चांदीस बंद केल्या. जगांत चांदी उतरत होती, रुपयाचा विलायती भाव तिच्याबरोबर घसरत होता, आणि सरकारास तर दरसाल विलायतेचें देणें पौंडांत भागवावें लागे; म्हणून रुपयास चांदीपासून तोडून एक शिलिंग चार पेन्सांच्या भावावर नेण्यांत आलें. सरकारचा हिशोब सरकारापुरता बिनचूक होता. पण त्या एका हुकुमानें रुपया वर राहिला आणि रुपयाच्या वजनाची चांदी खालीं गेली. शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें चांदीचा भाव औंसास सत्तावीस पेन्सांच्या आसपास होता. त्या भावानें एका रुपयांत जितकी चांदी असे तितकीची किंमत सुमारें दहा आणे भरते. आणि नेमका याच वेळीं, १८९९-१९०० सालीं, गुजराथेंत ज्यास छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ खानदेशावर आला. ज्या बाईनें वीस वर्षें तोळ्या-तोळ्यानें चांदी जमविली होती, ती दागिने मोडावयास सराफाकडे गेली तेव्हां रुपयामागें पांच-सहा आणे तिच्या हातून आधींच निघून गेले होते. चोर आला नव्हता, दरोडा पडला नव्हता. तिला कोणीं विचारलें नव्हतें, आणि बहुधा कोणीं सांगितलेंहि नव्हतें.

वाचक म्हणतील, मग तिनें पोस्टांत पैसे कां ठेवले नाहींत? १ एप्रिल १८८२ पासून पोस्टाची सेव्हिंग्ज बँक सुरू झालेली होती आणि तींत चार आणेहि ठेवतां येत. पण आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे पाहा. डाकघर बहुधा मोठ्या गांवीं किंवा तालुक्याच्या ठिकाणीं. खेड्यांतून जाऊन येण्यांत दिवस मोडावयाचा, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडावयाची. ती मजुरी त्या काळीं चार आण्यांच्या आंतबाहेर. व्याजाचा दर शेकडा चार धरला तरी चार आण्यांवर वर्षाला दोन पै सुटत नाहींत. चार आणे ठेवण्यासाठीं चार आणे घालवावे आणि वर्षानें दोन पै मिळवावे, हा व्यवहार त्या मजुरास जमला नाहीं तर त्यांत त्याचा काय दोष? पोस्टाचें पुस्तक वापरलें तें मुख्यतः पगारदारांनीं: मास्तर, कारकून, शिपाई यांनीं. त्यांचें घर डाकघराजवळ होतें आणि त्यांचा पगार महिन्याचा होता. काटकसर हा सद्गुण खरा, पण तो अंगीं बाणण्यास डाकघर किती कोसांवर आहे याचाहि संबंध असतो.

तथापि एवढ्यावरून थट्टा करणारांचा पक्ष खरा ठरला असें कोणीं समजूं नये. शिल्लकेचा लाभ तिच्यावर मिळणाऱ्या व्याजानें मोजणें हीच मुळांत चुकीची मापणी आहे. गांवोगांव धान्याचें कर्ज सवाईनें वा दिढीनें मिळे. मणाचे सुगींत सव्वा मण किंवा दीड मण फेडावयाचे. ज्याच्या कणगींत ज्येष्ठ-आषाढांत एक मण धान्य उरलें होतें, त्यास कोणीं व्याज दिलें नाहीं. पण दिढीचा अर्धा मण त्याच्या घरांत राहिला. सहा-आठ महिन्यांत शेकडा पन्नास! असा दर पोस्टानें कधीं दिला नाहीं, आणि प्रामाणिक पेढीहि देणार नाहीं. धान्य राखण्यास बाईचे चार दिवस गेले असतील, निवडण्यांत, वाळवण्यांत, कणगी लिंपण्यांत. पण त्या चार दिवसांची मजुरी या अर्ध्या मणापुढें कांहींच नव्हे. सावकारास शिव्या देणें सोपें आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं त्या योग्यहि होत्या. परंतु १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो याच हिशोबावर उभा आहे: गरिबास अधिक व्याज मिळवून देणें हा त्याचा हेतु नव्हता, त्याचें व्याज वांचविणें हा होता.

आणि तरीहि एक वर्ग असा राहतो कीं, ज्यास हा हिशोब लागूच पडत नाहीं. खानदेशांत सालदाराचें साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतें. सालाचा ठराव झाला कीं तो कांहीं रक्कम उचल घेतो. तींतून लग्नाचें, आजाराचें, मागल्या वर्षाचें देणें भागतें. ज्याचा वर्षाचा वेळ आखाजीलाच विकला गेला, त्यास वेळेचें मोल आणि शिल्लकेचें मोल यांची तुलना करण्यास सांगणें म्हणजे त्याची थट्टा आहे. आमच्या मासिकांतून काटकसरीवर जे लेख येत आले, त्यांत हा सालदार आम्हांस क्वचितच भेटला.

पगारदारांच्या पुस्तकाचीहि परीक्षा झालीच. ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध पेटतांच देशभर लोकांनीं पोस्टांतून पैसे काढण्यास गर्दी केली. सरकारनें पैसे दिले आणि विश्वास बसला. दुसऱ्या महायुद्धांत पैसे बुडाले नाहींत, पण पैशांत काय मिळतें तें बदललें. १९३९ पासून १९४५ पर्यंत घाऊक भाव दुपटीहून अधिक झाले. धुळ्याच्या एखाद्या मास्तरानें १९३० पासून पोटास चिमटा घेऊन पांचशें रुपये जमविले असतील, तर ते पांचशेंच्या पांचशें, वर व्याजासह, त्याच्या पुस्तकांत बिनचूक लिहिलेले होते. मात्र त्यांत पूर्वीचें अर्धें धान्य येत नव्हतें. १८९३ मध्यें जें चांदीचें झालें तेंच येथें कागदाचें झालें.

याच युद्धाच्या अखेरीस, २९ डिसेंबर १९४५ रोजीं, पूर्व खानदेशांतील अमळनेर येथें वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नांवाची कंपनी निघाली. वनस्पति तूप करावें, पुढें धुण्याचा साबण करावा, असा तिचा साधा व्यवसाय. गांवांतील अनेक कुटुंबांनीं तिचे शेअर घेतले. १९६६ सालीं संस्थापक वारल्यावर अझीम प्रेमजी यांनीं कारभार हातीं घेतला. तीच पुढें विप्रो झाली व संगणकाच्या धंद्यांत शिरली. १९८० सालीं ज्याच्याजवळ १०० शेअर होते आणि ज्यानें त्यांतील एकहि विकला नाहीं, त्याचे, जाहीर झालेल्या बोनसांचा व विभागणीचा गुणाकार केला तर, २०१० पर्यंत ९६ लाख आणि २०२४ अखेर ५ कोटि १२ लाख शेअर होतात. अमळनेरांत अशीं घरें निघालीं आणि त्यांची कीर्ति देशभर झाली. या शिल्लकेस वेळ किती लागला? ट्रंकेंतला कागद ट्रंकेंत राहूं देण्यास जितका लागतो तितका.

ही गोष्ट सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. आम्हांस तसें करवत नाहीं. जळगांवची खानदेश मिल गेल्याच्या मागील शतकांत, १८७० नंतरच्या दशकांत, उभी राहिली, शहराची शान झाली आणि शेवटीं बंद पडली. तिच्या शेअरांचा कागद जपणाराची चिकाटी अमळनेरकरांहून कमी होती असें म्हणण्यास आधार नाहीं. त्याची ट्रंक पाहावयास कोणी गेलें नाहीं इतकेंच. २०१४-१५ च्या सुमारास जळगांवास मुख्य ठाणें असलेली एक मोठी पतसंस्था अडचणींत आली आणि गांवोगांवच्या ठेवीदारांच्या ठेवी अडकून पडल्या. पाव टक्का, अर्धा टक्का अधिक मिळावा म्हणून ज्यांनीं चौकशा केल्या, रांगा लावल्या, त्यांचा तो वेळ त्यांस नडला. आणि मग मुद्दल परत मिळविण्यासाठीं अर्ज, सभा, कोर्टकचेऱ्या यांत जो वेळ गेला तो निराळाच. आम्हांस वाटतें, चौकशीचा वेळ व्याजाच्या दरासाठीं न खर्चितां ठेव घेणारे लोक कोण आहेत व ते ती कोणास कर्जाऊ देतात, हें पाहण्यांत खर्चिला असता तर तो सोन्याच्या मोलाचा ठरला असता.

सोन्याचें नांव निघालेंच आहे तर हेंहि सांगावें कीं, जळगांवच्या सराफ-बाजाराची कीर्ति अजून ओसरली नाहीं, आणि आखाजीला तेथें गर्दी असते. त्याच शहराच्या वसाहतींतून दुपारच्या वेळीं बायकांच्या भिश्या चालतात. दहा-बाराजणींनीं दरमहा ठराविक रक्कम जमवावी आणि चिठ्ठी निघेल तिनें ती सगळी न्यावी. व्याज कोणासच नाहीं. जिची चिठ्ठी शेवटीं निघते ती तर हिशोबाच्या दृष्टीनें तोट्यांतच. दोन तास जातात, चहा होतो, कोणाच्या घरीं काय दुखतें-खुपतें तें कळतें, आणि पुढल्या महिन्यांत एखादीला पैशाची फार निकड असली तर चिठ्ठी न टाकतां भिशी तिला देण्याचें तेथल्या तेथेंच ठरतें.