मानेतली गादी आणि एमआरआयचा फोटो

मी बोलतोय उल्हासनगर कॅम्प १ मधून. आमच्याकडे कुणी मशीनवर जीन्स शिवतं, कुणी लोकलमध्ये मोबाइल बघतं, माझ्यासारखे कोडिंग करतात. मान सगळ्यांचीच खाली. मग विशीतल्या पोराच्या रिपोर्टवर ‘सी-५, सी-६ डिस्क बल्ज’ आलं की घरचे घाबरतात. आता ऑपरेशनच का? थांबा, आधी थोडा इतिहास.

डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. ती फुटून नस दाबते, हे पूर्वी डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हतं. ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा ते गाठ समजायचे. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९ पेशंट मांडून दाखवलं, की ही गाठ नाही, डिस्कच आहे. १९५८ मध्ये स्मिथ-रॉबिन्सन ही जोडी आणि होनोलुलूचे क्लोवर्ड यांनी गळ्याच्या पुढून जाऊन डिस्क काढायची आणि तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायची पद्धत छापली. आजच्या ऑपरेशनचा पाया तोच.

यात मुंबईचंही नाव आहे बरं का! परळच्या केईएमचे डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके प्लेट आणि स्क्रूने जोडायची पद्धत मांडली. त्या दोघांत डिस्क नसतेच. तिथे धोका मणके सरकून मज्जारज्जू दाबला जाण्याचा. म्हणजे दोन्हीकडे सर्जन सोडवतो तो दाब. नुसत्या फोटोवर ऑपरेशन होत नाही.

मग एमआरआय आला आणि डिस्क स्पष्ट दिसू लागली. खरा गोंधळ इथेच झाला. २०१५ मध्ये जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १२११ लोकांचा एमआरआय छापून आला. ८७.६ टक्के लोकांत डिस्क फुगलेली! विशीतल्यांतसुद्धा दहातल्या सात-आठ जणांत.

म्हणजे बल्ज दिसला म्हणून दुखणं त्याचंच, असं नाही. डिस्कमुळे हातात कळ येत असली तरी बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम नेमाने करा, मध्ये मध्ये उठा. पट्टा स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने लावू नका.

पण हातातली ताकद कमी झाली, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, तर एक दिवसही थांबू नका, डॉक्टर गाठा. हा दाब खरा असू शकतो.

चला, मान वर करा. भेटू पुढच्या भागात!