'दौंड'चे १२ बाइट: मेमरीतल्या स्ट्रीमचा मजकूर करताना मराठी कुठे तुटते?

ऑनलाइन पावतीवर तालुक्याच्या नावात काळ्या तिरप्या चौकोनातलं पांढरं प्रश्नचिन्ह तुम्ही पाहिलं असेल. दोष फॉन्टला दिला जातो. पण अनेकदा अक्षर त्याआधीच हरवलेलं असतं, बाइटचा मजकूर करताना.

प्रोग्रामला माहिती डिस्कवर न लिहिता थोडा वेळ रॅममध्येच ओळीने ठेवता येते. हीच मेमरी स्ट्रीम. डॉटनेटमध्ये तिचं नाव मेमरीस्ट्रीम, पायथनमध्ये बाइट्सआयओ. तिच्यात अक्षरं नसतात, ० ते २५५ मधले आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे एन्कोडिंग ठरवतं. वेबवर आज बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ चालतं.

यूटीएफ-८मध्ये साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'दौंड'मध्ये द, औकाराची मात्रा, अनुस्वार आणि ड अशी ४ चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. एकटा 'द' म्हणजे २२४, १६४, १६६. हेच आकडे जुन्या पश्चिम युरोपीय एन्कोडिंगने वाचले, तर 'द'च्या जागी तीन भलतीच चिन्हं येतात. त्यामुळे रूपांतर करताना एन्कोडिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं बरं. जावाने यूटीएफ-८ डीफॉल्ट केलं तेच मुळी २०२२च्या १८व्या आवृत्तीत.

त्याहून फसवी चूक तुकड्यांची. मोठा स्ट्रीम अनेकदा ४०९६ बाइटच्या तुकड्यांत वाचतात, आणि ४०९६ला ३ने भाग जात नाही. समजा 'दौंड'चे १० बाइट एका तुकड्यात आले आणि २ पुढच्यात गेले. प्रत्येक तुकड्याचा वेगळा मजकूर केला, की 'दौं' उरतो आणि 'ड'चा चुराडा होतो. चाचणी फक्त इंग्रजी नावांवर घेतली तर हे कधी दिसतच नाही! उपाय दोन: सगळे बाइट गोळा करून शेवटी एकदाच रूपांतर करणं, किंवा अर्धवट बाइट लक्षात ठेवणारा डीकोडर वापरणं. डॉटनेटचा स्ट्रीमरीडर हेच करतो.

मजकूर साफ रिकामा आला तर कॅसेट आठवा. लिहून झाल्यावर वाचनाची खूण शेवटी असते, ती आधी शून्यावर आणावी लागते.

'शिरूर'ची गोष्ट वेगळी. हे नाव 'शिरुर' असंही लिहिलेलं आढळतं. दोन्हींचे बाइट १५च, फरक फक्त बाराव्यात: एकीकडे १३०, दुसरीकडे १२९. प्रोग्रामच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि अचूक रूपांतरानेही ते जुळत नाहीत. यादीत तालुक्याचा कोड असेल, तर जुळणी नावाऐवजी त्यावरूनच करावी.