‘अडलं तर विचारा’: एका रिवाजाची कुळकथा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. ती पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. नवी मुंबईतल्या उलव्याच्या हिशेबाने सांगायचे, तर बामणडोंगरी आणि खारकोपर स्थानकांत पहिली लोकल आली ११ नोव्हेंबर २०१८ रोजी. त्याच्या दोनेक वर्षे आधी घेतलेला लॅपटॉप आज कंपनीच्या लेखी बाद आहे. त्याचा पडदा, कळफलक, डिस्क सारे शाबूत असते. नव्या वसाहतीत घराचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाने तो भंगारात का द्यावा?

अशा लॅपटॉपला विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही संगणक प्रणाली दुसरे आयुष्य देते. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन या तिच्या रूपांपैकी काहीही पेनड्राइव्हवर घ्यावे, त्यावरूनच यंत्र सुरू करून पाहावे आणि पटले तरच डिस्कवर चढवावे. मग पहिली अडचण येते. वायफाय दिसत नाही, प्रिंटर ओळखला जात नाही, किंवा झाकण मिटून पुन्हा उघडले की पडदा काळाच राहतो. गाऱ्हाणे ऐकायला इथे कोणी विक्रेता नसतो. तरीही मदत मिळते. इमारतीतला एखादा विद्यार्थी, कचेरीतला सहकारी, कधीच न भेटलेला दुसऱ्या गावचा जाणकार आधी तीन प्रश्न विचारतो: मॉडेल कोणते, पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे आली, त्याआधी तुम्ही काय केले होते? मग एक-दोन आज्ञा टाइप करायला सांगतो, आलेले उत्तर वाचतो आणि दोष हुडकतो. पैसे घेत नाही. उद्या दुसऱ्याला हेच अडले तर तुम्ही सांगा, एवढीच त्याची अपेक्षा असते.

हा रिवाज लिनक्सपेक्षा जुना आहे. त्याचे मूळ शोधत गेले, की एका टेलिफोन कंपनीने दिलेल्या नकारापाशी आपण पोचतो.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक प्रणालीची सुरुवात केली. या प्रयोगशाळेची मालक एटी अँड टी. १९५६मधल्या न्यायालयीन तडजोडीमुळे दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरायला तिला मनाई होती. युनिक्स विकून नफा कमावणे शक्य नव्हते, म्हणून कंपनीने ते विद्यापीठांना नाममात्र दरात दिले, सोर्स कोडसकट दिले. पण दुरुस्ती, हमी, मार्गदर्शन यांतले काहीही द्यायला ती बांधील नव्हती. वापरणाऱ्यांच्या हाती एकाच वेळी दोन गोष्टी आल्या: आतले सगळे वाचण्याची मुभा आणि वाऱ्यावर सोडलेपण. पहिल्या गोष्टीने दुसरीवर मात करता येते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

मे १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युनिक्स वापरणाऱ्यांची पहिली बैठक भरली. यातूनच पुढे युसनिक्स ही संस्था उभी राहिली. बैठकीला येणारे आपापल्या यंत्रावर सापडलेले दोष आणि त्यांवरचे उतारे चुंबकीय फितींवर घेऊन येत, एकमेकांना देत. बेल लॅब्जमधल्या मंडळींनीही पन्नासेक दुरुस्त्यांची एक फीत तयार केली होती, पण कंपनीचे वकील ती बाहेर जाऊ देईनात. अखेर प्रयोगशाळेजवळच्या रस्त्याच्या कडेला ती फीत ‘पडलेली’ सापडली आणि तिच्या प्रती सगळीकडे गेल्या, अशी आठवण त्या पिढीतले लोक सांगत आले आहेत.

या परंपरेतला पहिला मोठा शिक्षक ऑस्ट्रेलियात होता. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स यांनी १९७६च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. पुढे १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने हा कोड वर्गात शिकवायलाच बंदी घातली. मग लायन्सचे भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स होऊन जगभर हिंडले; उघडपणे ग्रंथरूपात ते निघाले थेट १९९६मध्ये. शिकवायला काहीतरी हवे म्हणून ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७मध्ये मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी प्रणाली स्वतः लिहिली.

तिकडे अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेसर प्रिंटरने अस्वस्थ केले होते. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सोय करून ठेवली होती: कागद अडकला, की वाट पाहणाऱ्यांना संदेश जाई. नव्या प्रिंटरचा कोड मागितला तेव्हा तो ज्याच्यापाशी होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवले. शेजाऱ्याला मदत करायची नाही असे वचन लिहून देण्याची पद्धतच स्टॉलमन यांना अनैतिक वाटली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी युनिक्ससारखी मुक्त प्रणाली लिहिण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९मध्ये जीपीएल परवाना आला: वाचा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल, तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. युनिक्सच्या बैठकांत जी देवघेव केवळ सवयीने चालली होती, तिला आता कायद्याचा आधार मिळाला.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवले, की तो एक प्रणाली लिहितो आहे, आणि विचारले, की मिनिक्समधले तुम्हाला काय आवडते, काय नाही? लिनक्सची जाहीर सुरुवात अशी प्रश्नाने झाली. १९९२मध्ये त्याने जीपीएल स्वीकारला. त्याच वर्षी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू झाला आणि ‘हाऊटू’ नावाच्या टिपणांची रीत पडली. ज्याने मॉडेम चालवून दाखवला त्याने मॉडेमचे टिपण लिहायचे, ज्याने प्रिंटर जुळवला त्याने प्रिंटरचे.

आपल्या मुलखात ही वेल जुहूमार्गे आली. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत, म्हणजे एनसीएसटीत, श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकात संगणकांचे जाळे विणत होते. १९८६-८७च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेल जाऊ-येऊ लागली. त्यासाठी वापरलेले यूयूसीपी हे साधन बेल लॅब्जचेच, एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्यावर फायली पाठवण्यासाठी लिहिलेले. एनसीएसटी पुढे सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत विलीन झाली. सी-डॅक मुंबईचे एक केंद्र आज खारघर-बेलापूर भागात आहे, उलव्याहून फार लांब नाही.

घराघरांत लिनक्स पोचण्यात अडचण होती वेगाची. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या दूरसंचार कंपनीने लोकांसाठी इंटरनेट खुले केले, पण ९.६ किलोबिटच्या जोडणीवर ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची, तर अखंड सहा दिवसांहून जास्त वेळ लागला असता. हा पेच मासिकाने सोडवला. ‘पीसी क्वेस्ट’ने १९९६मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढे वर्षानुवर्षे देत राहिले. बंगळुरूचे अतुल चिटणीस हे त्या उपक्रमामागचे प्रमुख नाव. सीडी मिळाली, की अडचणी सुरू होत, आणि अडचणींबरोबर मंडळे. मुंबईत, पुण्यात लिनक्स युजर्स ग्रुप जमले. ‘इन्स्टॉल फेस्ट’ भरू लागले. माणसे कॅबिनेट उचलून आणत आणि शेजारी शेजारी बसून लिनक्स चढवत.

त्या काळचे दोष आज आठवून पाहण्यासारखे आहेत, कारण रीत त्यांनीच घडवली. यंत्र सुरू करणारा लिलो हा छोटा प्रोग्रॅम आपले नाव एकेक अक्षराने छापत पुढे सरके. पडद्यावर ‘एल आय’ एवढीच दोन अक्षरे येऊन यंत्र थिजले, तर जाणकाराला कळे, की दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू झाला नाही. डिस्कच्या मापांबाबत बायोस आणि लिलो यांचा मेळ बसलेला नाही. पडद्यावर नेमके काय आले, हा प्रश्न आजही आधी विचारतात तो म्हणून. दुसरे दुखणे ‘विनमोडेम’चे. स्वस्त मॉडेमचे निम्मे काम विंडोजमधले सॉफ्टवेअर करी आणि बनवणारे त्याचा तपशील देत नसत. मॉडेल कोणते, या प्रश्नामागे तो अनुभव आहे. आजचे वायफायचे दुखणे त्याच कुळातले: चिपला लागणारे फर्मवेअर, म्हणजे तिच्यात चढवायचे सॉफ्टवेअर, मुक्त नसते. डेबियनच्या सभासदांनी २०२२मध्ये मतदान करून असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत द्यायचे ठरवले आणि २०२३च्या डेबियन १२पासून पुष्कळ यंत्रांचा हा त्रास गेला. हजारो लोकांनी कळवलेल्या अडचणींतून एक धोरण बदलले.

मुंबईतल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे एक ठिकाण हार्बर मार्गावर आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले डॉ. नागार्जुन जी. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. ही संस्था जुलै २००१मध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत तिरुवनंतपुरमला सुरू झाली. विज्ञान शिकायचे तर उपकरण उघडून पाहता आले पाहिजे, आणि संगणकालाही तोच नियम लागू होतो, हा विचार शिक्षण केंद्रात रुजणे स्वाभाविक होते.

पण मराठी माणसाची खरी कसोटी लागली अक्षरांपाशी. यंत्र चालले, तरी त्यावर मराठी उमटत नव्हती. त्यासाठी तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: युनिकोड देवनागरीचा फॉन्ट, अक्षरे जोडणारे इंजिन आणि कळफलक. २०००च्या आसपास प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्सने आणि त्यात झटणाऱ्या जी. करुणाकर यांनी भारतीय भाषांसाठी ही जुळणी हाती घेतली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट दिला. २००४मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्टमाला खुली केली. कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या अभियंत्यांनी पुढे तिची निगा राखली. संदीप शेडमाके यांच्यासारख्यांनी ग्नोम हा डेस्कटॉप आणि फेडोरा हे लिनक्सचे एक रूप यांचे हजारो संदेश मराठीत आणले.

यातला सर्वांत चिवट पेच एका जोडाक्षराचा होता. हिंदीला रफार पुरतो, मराठीला पुरत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली सुपारी वेगळी. युनिकोडने ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन, त्याचा पाय मोडून पुढचे अक्षर जोडायची सोय केली. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्टसह ‘जे’च्या कळीवर आहे. पण फॉन्टमध्ये तो अर्धा आकार काढलेला नसेल किंवा इंजिनाला ठाऊक नसेल, तर ‘ऱ’खाली हलंत लटकतो आणि ‘य’ एकटा पडतो. हे चुकले आहे, हे अमेरिकेत बसलेल्या प्रोग्रॅमरला दिसणारच नाही. ते दिसते मराठी वाचणाऱ्याला. त्याने शब्द कोणता, टाइप कसा केला, दिसले काय आणि दिसायला हवे होते काय, हे चार मुद्दे नोंदवले, म्हणजे दुरुस्ती होते आणि जगातल्या प्रत्येक मराठी लिनक्सवर पोचते. आज आपण हे अक्षर बिनदिक्कत लिहितो, त्यामागे अशा नोंदींची थप्पी आहे.

उलवे ज्या रायगड जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यात या रिवाजाची एक कोवळी फांदी फुटली होती. २००७मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांवर फेडोराच्या पायावर उभी केलेली ‘शुगर’ प्रणाली होती. तिच्या एका दृश्याचे नावच शेजार. आसपासची इतर मुलांची यंत्रे त्यात दिसत. कळफलकावर एक कळ अशी होती, की ती दाबली तर चालू प्रोग्रॅमचा कोड उघडावा. वाचण्याची मुभा आणि शेजाऱ्याची सोबत, युनिक्सकाळापासूनची ही जोडी कर्जतच्या वाडीतल्या मुलांच्या बोटांखाली आली होती.

पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने हाऊटूच्या टिपणाला आवाज दिला. लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मराठीतही आहेत. प्रत्येक पाठ आधी नवख्याकडून तपासून घेतात. त्याला जिथे अडते, तिथे पाठ सुधारायचा. न जाणणाऱ्याचे मत इथे शेवटचे मानतात, आणि मला या साऱ्या परंपरेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

खेड्यात इर्जिकीला माणसे आपापले बैल घेऊन एकाच्या शेतात उतरतात, तशी ही देवघेव. फरक एवढाच, की इथे एकदा केलेली मदत लिहून ठेवली तर पुन्हा करावी लागत नाही. फिती, झेरॉक्स, हाऊटू, दोषांच्या नोंदी, बोललेले पाठ: पन्नास वर्षांत माध्यम बदलत गेले, नोंद मात्र प्रत्येक पिढीने ठेवली. म्हणूनच रिवाज टिकला. आज आपण मदत फोनवर बोलून करतो आणि ती तिथेच विरते. पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर तेच दुखणे पहिल्यापासून सुरू होते. उलव्यात माणसे रोज नवी राहायला येत आहेत आणि बाद ठरवलेले लॅपटॉप त्यांच्यासोबत येत आहेत. सोसायटीच्या कचेरीत किंवा शाळेच्या संगणक खोलीत एक साधी वही ठेवावी आणि तीत मराठीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, मॉडेल, लिनक्सची आवृत्ती, पडद्यावर आलेली अक्षरे आणि गुण आलेला उपाय. एवढे केले, तरी या कुळात उलव्याचे नाव लागेल.