झोनिंग आणि शेजाराचा प्रश्न

ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला वैधता दिली. स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी सदनिकांची इमारत त्या निकालपत्राने परोपजीवी मानली. पुढील काळात जमिनीच्या वापराचे हे नियम शेजारी निवडण्याचेही साधन झाले.

जानेवारी २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने यावर उपाय योजला. बोस्टनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेशी निगडित १७७ नगरांनी किमान एका विभागात बहुकुटुंबीय घरांना, एकरी किमान १५ घरे या घनतेने, विशेष परवान्याविना मुभा द्यावी, असे बंधन घातले गेले. परंतु अनेक लहान नगरांचे नियोजन मंडळ स्वयंसेवकांवर चालते. नकाशे व घनतेचे हिशेब त्यांच्या आवाक्याबाहेरचे असतात. म्हणून राज्याने तांत्रिक साहाय्य पुरवले. शिवाय असे बदल नगरसभेत दोन-तृतीयांशाऐवजी साध्या बहुमताने मंजूर करता येतील, अशी तरतूद त्याच कायद्यात होती.

तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये मिल्टनच्या मतदारांनी तेथील नवे झोनिंग फेटाळले. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा बंधनकारक ठरवला. प्रक्रियेतील त्रुटीमुळे अवैध ठरलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्याने नियमांच्या रूपाने पुन्हा जारी केली.

या घटनाक्रमातून एवढे स्पष्ट होते की, तज्ज्ञांचे साहाय्य असमर्थतेची अडचण दूर करते. अनिच्छेपुढे कायद्याचा धाकच लागतो.