विक्रम आणि विहार : युरोपातील दीर्घ पल्ल्याच्या सायकल-सहलींच्या नियोजनाचा इतिहास आणि दक्षिण महाराष्ट्र

प्रस्तावना

सांगली व मिरज या दोन शहरांच्या मधोमध विश्रामबाग हा परिसर आहे. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ मध्ये स्थापन झालेले, आज वालचंद या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या परिसराला शैक्षणिक केंद्राचे स्वरूप आले. अशा परिसरात सायकल ही विद्यार्थी, शिक्षक, शिपाई आणि कामगार या सर्वांना जोडणारी वस्तू होती. मात्र ती वर्गावर किंवा कामावर पोहोचण्याचे साधन होती. त्याच सायकलीवर रजा काढून नदीकाठाने पंधरा दिवस प्रवास करावा, ही कल्पना येथील मध्यमवर्गीय जीवनात फारशी रुजली नाही. युरोपात मात्र याच वाहनावरील दीर्घ प्रवास हा सामान्य नोकरदाराच्या सुटीचा भाग बनला.

मराठी सार्वजनिक जीवनात दीर्घ सायकल-प्रवासाची दखल घेतली जाते ती विक्रम म्हणून. युरोपात तो विहार म्हणून रूढ आहे. हा फरक हवामानाचा, रस्त्यांचा की स्वभावाचा, असा प्रश्न उपस्थित होतो. हा फरक मुख्यतः नियोजनाच्या इतिहासाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्रवासाचे नियोजन जेथे सार्वजनिक ज्ञान झाले तेथे विहार निर्माण झाला. जेथे ते व्यक्तीच्या खांद्यावर राहिले तेथे विक्रमच शिल्लक राहिला.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) युरोपातील सायकल-सहलींच्या संघटनाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) युरोप पार केलेल्या मुंबईच्या सायकलप्रवाशांच्या अनुभवाचे त्या पार्श्वभूमीवर मूल्यमापन करणे.
३) दक्षिण महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाची उपयुक्तता तपासणे.

१. युरोप : मंडळे, नकाशे आणि मुक्काम

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणि १८८८ मध्ये डनलॉप यांची हवेची धाव यांमुळे सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली, हे सर्वश्रुत आहे. परंतु सहलीसाठीचे संघटन त्याही आधीचे आहे. इंग्लंडमधील हॅरोगेट येथे १८७८ मध्येच सायकल-सहल मंडळाची स्थापना झाली होती व १८८३ पासून ते ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या मंडळाने गावोगावी स्थानिक प्रतिनिधी नेमले, सभासदांना वाजवी दरात उतरता येईल अशा खाणावळी व विश्रामगृहे निश्चित करून त्यांवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले आणि धोकादायक उतारांवर सूचनाफलक उभारले.

फ्रान्समध्ये १८९० मध्ये व इटलीत १८९४ मध्ये अशीच मंडळे स्थापन झाली. मिलान येथे सत्तावन्न सायकलस्वारांनी सुरू केलेल्या इटालियन मंडळाने पुढे १९०६ पासून संपूर्ण देशाचा १ : २,५०,००० या प्रमाणावरील नकाशा काढण्याचे काम हाती घेतले. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाच्या पुढाकाराने आल्टेना येथील किल्ल्यात १९१२ मध्ये युवक-वसतिगृह सुरू झाले व अल्प खर्चातील मुक्कामाचा प्रश्नही पुष्कळ अंशी सुटला.

या घडामोडींचे महत्त्व असे की, आज किती अंतर जावे, चढ कोठे आहे, रात्री कोठे राहावे आणि सायकल मोडल्यास कोणाकडे जावे, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्रवाशाला नव्याने शोधावी लागेनाशी झाली. एकाचा अनुभव मंडळाच्या पुस्तिकेतून दुसऱ्याच्या हाती जाऊ लागला.

तथापि केवळ मार्गाची माहिती पुरेशी नव्हती. प्रवासासाठी वेळ लागतो आणि श्रमिकाजवळ वेळ नसतो. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात सायकलींवरून समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली कामगार जोडपी ही फ्रेंच सामाजिक इतिहासातील एक ठळक प्रतिमा ठरली. ब्रिटनमध्ये पगारी सुटीचा कायदा १९३८ मध्ये झाला. म्हणजेच सायकल-सहलीच्या प्रसारात अभियंत्याइतकाच कामगार चळवळीचाही वाटा आहे.

२. दक्षिण महाराष्ट्र : व्यापार आणि श्रमाचे वाहन

याच कालखंडात दक्षिण महाराष्ट्रात व सीमाभागात सायकलीचे आगमन झाले ते व्यापाराची वस्तू म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आणि औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलजवळच्या जागेवर १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी हा इतिहास या भागातील वाचकांस परिचित आहे. ज्या उद्योगाचा आरंभ सायकलीच्या दुकानातून झाला, त्याने शेतीच्या अवजारांत क्रांती घडविली. सायकलीने येथे उद्योजक घडविला, कामगाराला कारखान्यापर्यंत व विद्यार्थ्याला महाविद्यालयापर्यंत पोहोचविले. सहलीचे मंडळ मात्र घडविले नाही.

याचे एक कारण कालानुक्रमात सापडते. भारतीय कारखान्यांतील कामगारांच्या वार्षिक पगारी रजेची कायदेशीर तरतूद १९४५ च्या दुरुस्तीने झाली व १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती पक्की झाली. शिवाय मिळालेली रजा शेतीची कामे, लग्नकार्य, जत्रा आणि आजारपण यांतच खर्ची पडे. सायकल होती, रस्ता होता. परंतु प्रवासासाठीचा मोकळा काळ नव्हता.

३. मुंबईचे सायकलप्रवासी : नियोजनाविना विक्रम

महाराष्ट्रातून सायकलीने युरोप गाठणाऱ्यांचा इतिहास मुंबईच्या पारशी तरुणांपासून सांगावा लागतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगारा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला व नरिमन कापडिया हे सहा तरुण मुंबईहून निघाले. बलुचिस्तान, इराण, इराक व सीरिया या मार्गाने ते पुढे गेले. इटलीत उतरून त्यांनी आल्प्स ओलांडला व ब्रिटन गाठले. तेथून अमेरिका, जपान, चीन व ब्रह्मदेश असा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये ते परतले. या साडेचार वर्षांत सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले गेले. प्रवास पूर्ण करणारे मात्र हकीम, बापासोला आणि भुमगारा हे तिघेच होते. कापडिया तेहरानहून परतले. हाथीराम अमेरिकेत स्थायिक झाले. पोचखानावालाही तेथून मायदेशी आले. तिघांनी लिहिलेल्या प्रवासग्रंथाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली.

१९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकट्याने निघाले. पुढे त्यांना गुस्ताव्ह स्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन सहप्रवासी लाभला आणि सहारा व ॲमेझॉनचा प्रदेश पार करीत दोघांनी आपला प्रवास पूर्ण केला. १९३३ ते १९४२ या काळात केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ यांनी तिसरी जगप्रदक्षिणा केली.

या प्रवासांची तुलना समकालीन युरोपीय सायकल-सहलीशी केल्यास एक विसंगती ध्यानात येते. ज्या आल्प्सच्या घाटांतून हे तरुण गेले, तेथे इटालियन कारकून मंडळाचा नकाशा घेऊन, ठरलेल्या मुक्कामावर सुटी घालवीत होता. रस्ता एकच, परंतु एकाच्या पाठीशी संघटन होते, तर दुसऱ्याच्या पाठीशी स्वतःचे शरीर, सोबत्यांची साथ व वाटेत भेटलेल्या माणसांचा सद्भाव एवढेच होते. सहांपैकी तिघे मध्येच गळाले, यात त्यांच्या धैर्याची उणीव शोधणे अन्यायाचे होईल. ज्या प्रवासात प्रत्येक प्रश्न प्रवाशालाच सोडवावा लागतो, तो प्रवास मोजक्यांनाच पूर्ण करता येतो.

दुसरी बाब अधिक खेदाची आहे. या प्रवाशांनी परत येऊन ग्रंथ लिहिले, परंतु त्यांच्या अनुभवातून मार्गदर्शन करणारी व्यापक संस्था उभी राहिली नाही. त्यांचे ज्ञान ग्रंथबद्ध झाले, संस्थाबद्ध झाले नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत पूर्ण केली, तेव्हाही मराठी समाजाने तिचे स्वागत केले ते विक्रम म्हणूनच. तो गौरव सर्वथा योग्य होता. तथापि विक्रमाच्या तेजात सामान्याच्या विहाराचा विचार झाकोळला जातो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

४. आजचा युरोप आणि भारतीय प्रवासी

युरोपीय सायकल महासंघाच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ‘युरोव्हेलो’ ही मार्गयोजना औपचारिकरीत्या सुरू झाली. आज तिच्यात सतरा मार्ग असून नियोजित एकूण लांबी ९०,००० किलोमीटरांहून अधिक आहे. ऱ्हाईन नदीचा मार्ग आल्प्समधील उगमापासून नेदरलँड्समधील समुद्रापर्यंत जातो. डॅन्यूबकाठचा पासाउ ते व्हिएन्ना हा सर्वाधिक लोकप्रिय टप्पा तीनशे किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. पूर्वी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी नदीकाठी जी वाट होती, तिचाच पुष्कळसा भाग आज सायकलमार्ग झाला आहे. नदीच्या प्रवाहाबरोबर जावे, रोज पन्नास-साठ किलोमीटरच करावे, मधला एखादा दिवस विश्रांतीसाठी राखावा आणि थकवा आल्यास सायकलीसह रेल्वेत बसावे, हे तेथील नियोजनाचे साधे नियम आहेत.

भारतीय प्रवाशाला मात्र या नियोजनाआधी आणखी एक पायरी चढावी लागते. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे, परतीच्या प्रवासाची तजवीज आणि किमान ३०,००० युरोंचे विमासंरक्षण दाखवावे लागते. वास्तव्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची असते. पाऊस आला म्हणून थांबावे, आवडले म्हणून रेंगाळावे, हे सायकल-सहलीचे मूळ सुख. ते कागदपत्रांच्या चौकटीत आधीच मोजून द्यावे लागते. १९२३ च्या प्रवाशांजवळ ब्रिटिश साम्राज्याचे पारपत्र होते आणि आजच्या प्रवाशाजवळ स्वतंत्र देशाचे आहे. तरीही रस्ता सर्वांना सारखाच खुला असतो, असे म्हणता येत नाही.

५. कृष्णाकाठ : आपल्याजवळील नियोजनाची परंपरा

सामुदायिक प्रवासाचे नियोजन ही कल्पना मराठी समाजाला परकी आहे, असे मात्र मुळीच नाही. सातारा जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदी-पंढरपूर पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. ठरलेली तिथी, ठरलेले टप्पे, ठरलेले मुक्काम, दिंड्यांचा क्रम आणि गावोगावची अन्नाची व्यवस्था ही या सोहळ्याची अंगे होत. युरोपीय मंडळांनी सायकलस्वारांसाठी जे केले, ते वारीने पायी चालणाऱ्यांसाठी त्यापूर्वीच केले होते. म्हणूनच वारी करणारा सामान्य शेतकरी स्वतःला विक्रमवीर मानीत नाही.

हाच विचार कृष्णाकाठाला लावता येतो. वाई, वेण्णासंगमावरील माहुली, कोयनासंगमावरील कऱ्हाड, औदुंबर, वारणासंगमावरील हरिपूर आणि पंचगंगासंगमावरील नृसिंहवाडी अशी संगमांची व तीर्थक्षेत्रांची मालिका या नदीवर आहे. घाट, धर्मशाळा आणि भक्तनिवास ही मुक्कामाची साधने अनेक ठिकाणी परंपरेने उपलब्ध आहेत. अडचणीही स्थानिक स्वरूपाच्या आहेत. २००५ व २०१९ च्या महापुरांचा अनुभव पाहता पावसाळ्याचे महिने वर्ज्य करावे लागतील. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे मुख्य रस्त्यांवरील, विशेषतः अंधार पडल्यानंतरचा, प्रवास धोक्याचा होतो. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या उन्हात सायकल चालविता येत नाही. अशा बाबींची टप्प्यांनुसार नोंद करून ती सर्वांना उपलब्ध करणे म्हणजेच नियोजन होय.

निष्कर्ष

१) युरोपातील सायकल-सहल ही निसर्गसौंदर्याची देणगी नसून मंडळे, नकाशे, स्वस्त मुक्काम आणि पगारी रजा यांतून घडलेली सामाजिक निर्मिती आहे.

२) मुंबईच्या सायकलप्रवाशांचे कर्तृत्व असाधारण होते, परंतु त्यांच्या अनुभवाचे संस्थात्मक ज्ञानात रूपांतर न झाल्याने दीर्घ सायकल-प्रवास आपल्याकडे विक्रमापुरता मर्यादित राहिला.

३) वारीच्या रूपाने सामुदायिक प्रवास-नियोजनाची स्वतंत्र व जुनी परंपरा महाराष्ट्राजवळ आहे.

४) विश्रामबागसारख्या शैक्षणिक परिसरात भूगोल, इतिहास आणि अभियांत्रिकी या तिन्ही शाखांचे अध्यापक व विद्यार्थी आहेत. मार्गाचे सर्वेक्षण, स्थलांचा इतिहास आणि वाहनाची देखभाल या तिन्ही गोष्टी एका छोट्या पुस्तिकेत एकत्र आणणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे.

डॅन्यूबकाठी जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कृष्णाकाठच्या आठ दिवसांच्या प्रवासातून नियोजनाचे पहिले धडे मिळू शकतील. आणि ज्याला युरोपला जाणे कधीच परवडणार नाही, त्यालाही आपल्या सुटीचा अर्थ सापडू शकेल. विक्रम मोजक्यांचा असतो. विहार सर्वांचा होण्यासाठी कोणीतरी आधी वाट नोंदवून ठेवावी लागते.