मॅरेथॉनची वाट आणि स्पार्टाची वाट

मॅरेथॉन हा शब्द आता आपण मराठीच करून टाकला आहे. कुणी दोन तास बोललं की ते ‘मॅरेथॉन भाषण’ होतं, बैठक रात्रीपर्यंत लांबली की ‘मॅरेथॉन बैठक’. मुळात हे ग्रीसमधल्या एका गावाचं नाव. अथेन्सच्या ईशान्येला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या मैदानात ते वसलेलं आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बडीशेप. जेवणानंतर आपण जी चिमूटभर तोंडात टाकतो, तीच. बडीशेपेच्या रानावरून गावाला नाव पडलं, आणि गावावरून जगभरच्या शर्यतीला.

या गावाची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. इसवी सनापूर्वी ४९० साली पर्शियाचा बादशहा दारियस याची फौज मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरली. अथेन्सच्या लोकांनी तिचा पराभव केला. मग एक धावपटू रणांगणावरून थेट अथेन्सपर्यंत धावत गेला, ‘आपण जिंकलो’ एवढंच बोलला आणि कोसळून मेला. गोष्ट छान आहे. प्रश्न एवढाच की ती कुणी सांगितली आणि केव्हा.

या लढाईचा सर्वांत जुना इतिहासकार हिरॉडोटस. लढाईनंतर दोन पिढ्यांच्या आत त्यानं लिहिलं. त्याच्या ग्रंथात धावणारा माणूस आहे, पण तो लढाईनंतर धावत नाही, लढाईच्या आधी धावतो. आणि तो अथेन्सकडे येत नाही, अथेन्सहून स्पार्टाला जातो. त्याचं नाव फिडिपिडीस. काही हस्तलिखितांत फिलिपिडीस. काम काय, तर मदत मागणं. शत्रू दाराशी आला आहे, या, एवढा निरोप पोचवायचा होता.

अशा माणसांना ग्रीक लोक ‘दिवसभर धावणारा’ या अर्थाच्या नावानं ओळखत. तो त्यांचा धंदाच होता. आपल्याकडे पेशवाईच्या कागदपत्रांत जासूद आणि कासद वावरतात, तीच ही जात. गझलेतला कासिद प्रेमपत्रं नेतो, पण खरा कासिद बहुधा वाईट बातम्याच नेत असतो. पर्शियाच्या बादशहाकडे टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे आणि स्वार ठेवलेले होते. त्या डाकेची तारीफ हिरॉडोटसनंच केलेली आहे. अथेन्सकडे होते एका माणसाचे दोन पाय.

अथेन्स ते स्पार्टा हे अंतर सुमारे २४० किलोमीटर. हिरॉडोटस म्हणतो, तो दुसऱ्या दिवशी पोचला. वाटेत तेगेआ गावाच्या वरच्या पार्थेनियन डोंगरावर त्याला पॅन हा रानावनाचा देव भेटला. मी तुमच्या इतका उपयोगी पडतो, तरी अथेन्सचे लोक माझी आठवण का ठेवत नाहीत, असं देवानं विचारलं. रात्रभर उपाशीपोटी डोंगर चढणाऱ्या माणसाला देव दिसणं मला तरी अशक्य वाटत नाही. लढाईनंतर अथेन्सवाल्यांनी अॅक्रोपोलिसच्या कड्याखाली पॅनचं देवस्थान केलं, हेही हिरॉडोटसच सांगतो.

आणि निरोपाचं काय झालं? स्पार्टावाले म्हणाले, मदत करू, पण आज नवमी आहे. पौर्णिमेआधी निघणं आमच्या कायद्यात बसत नाही. पौर्णिमेनंतर त्यांचे २००० सैनिक झपाझप चालत आले. तोवर लढाई संपली होती. त्यांनी रणांगणावरची प्रेतं पाहिली, अथेन्सवाल्यांची वाखाणणी केली आणि परत गेले. वेळेवर धावून आलं ते प्लाटिया नावाचं छोटं नगर. अथेन्सचे १९२ लोक पडले. त्यांच्यावर रचलेला मातीचा ढिगारा आजही मॅरेथॉनच्या मैदानात उभा आहे.

मग ‘आपण जिंकलो’ म्हणणारा कुठून आला? लढाईनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी. प्लुटार्क अशा धावणाऱ्याची गोष्ट सांगतो, पण नावं वेगळीच देतो. त्यानंतर ल्युशियन हे श्रेय फिलिपिडीसला देतो. १८७९ साली इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यानं दोन्ही धावा एकाच माणसाच्या नावावर लावून कविता लिहिली आणि तीच गोष्ट लोकांच्या मनात बसली. मी कवितेच्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे आमच्या जमातीची ताकद पाहून मला आनंद व्हायला हवा. पण यात एक हिशेब चुकतो. ज्यानं मदत मागितली आणि ज्याला नकारासारखं उत्तर मिळालं, तो मागे पडला. ज्यानं विजय कळवला, त्याचा उत्सव झाला.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडितानं मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत सुचवली आणि विजेत्यासाठी चांदीचा चषक दिला. १० एप्रिल रोजी १७ जण धावले. सुमारे ४० किलोमीटरचं अंतर २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत कापून मारूसी गावचा पाणक्या स्पिरिडॉन लुईस पहिला आला. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं स्तामाता रेविथी नावाची एक गरीब बाई, एका मुलाची आई, एकटीच धावली. शर्यतीत तिला घेतलं नव्हतं. सुमारे साडेपाच तासांत तिनं ती वाट पार केली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावं लागलं.

या शर्यतीशी आपलाही धागा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धांत आपल्या मुलखातली मुलं धावताना पाहून दोराबजी टाटांनी त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९वे आले.

मॅरेथॉनच्या रस्त्यानं आणखी एक माणूस गेला, तो शर्यतीसाठी नव्हे. ग्रिगोरिस लांब्राकिस हा डॉक्टर, लांब उडीतला बाल्कन विजेता आणि ग्रीक संसदेचा सभासद. २१ एप्रिल १९६३ रोजी मॅरेथॉन ते अथेन्स असा शांतता मोर्चा ठरला होता. पोलिसांनी बंदी घातली, लोकांची धरपकड केली. लांब्राकिस संसद सभासद असल्यानं हातात फलक घेऊन एकटा निघाला. शेवटी त्यालाही धरलं. महिनाभरात, २२ मे रोजी, थेसालोनिकीत सभेनंतर त्याच्यावर हल्ला झाला आणि २७ मे रोजी तो गेला. दर नोव्हेंबरात अथेन्सला होणारी मॅरेथॉन आज त्याच्या स्मृतीला वाहिलेली आहे. हजारो लोक १९२ जणांच्या त्या ढिगाऱ्याला वळसा घालतात, निआ माक्री, पिकेर्मी अशी गावं ओलांडत अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये पोचतात. याच रस्त्याच्या कडेला माती नावाची वस्ती आहे. जुलै २०१८ मधल्या वणव्यात तिथं शंभराहून अधिक माणसं गेली.

आणि स्पार्टाची वाट? तीही सापडली. १९८२ साली ब्रिटिश हवाई दलातले जॉन फोडेन यांनी हिरॉडोटस वाचून ठरवलं, हे खरंच जमतं का पाहू. पाचजण निघाले, तिघे ४० तासांच्या आत स्पार्टाला पोचले. इतिहासकाराची साक्ष पायांनी तपासली गेली. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, ‘स्पार्टाथलॉन’ ही शर्यत सुरू झाली. अंतर २४६ किलोमीटर, मुदत ३६ तास. सप्टेंबरअखेरीस, पहाटे अॅक्रोपोलिसच्या पायथ्यापासून धावणारे निघतात. एलेफ्सिना आणि मेगाराचा किनारा, कॉरिंथचा कालवा, नेमेआचे द्राक्षमळे, लिर्केआ गाव, मग काळोखात हजार मीटरहून उंच डोंगराची खडकाळ पायवाट. उतरल्यावर नेस्तानी आणि तेगेआ. पहिल्या वर्षी यानिस कूरोस हा ग्रीक धावपटू २२ तासांच्या आत पोचला. २०२३ साली फोतिस झिसिमोपूलोस यानं २० तासांची मर्यादाही मोडली. शेवट स्पार्टात, राजा लिओनिडासच्या पुतळ्यापाशी. पोचणारा पुतळ्याच्या पायाला हात लावतो, त्याच्या डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट येतो आणि एव्ह्रोतास नदीचं पाणी त्याला प्यायला देतात.

मला या पाण्याचं विशेष वाटतं. अडीच हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं एकजण मदत मागायला आला होता, तेव्हा स्पार्टानं त्याला तिथी सांगितली. आज कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा, अनोळखी भाषा बोलणारा थकलेला माणूस येतो. त्याच्यासाठी वाटेतल्या गावांतली मुलं रस्त्यावर उभी असतात, आणि वेशीवर त्याला आधी पाणी मिळतं. विजयाची बातमी ऐकायला सगळेच जमतात. मदतीची हाक घेऊन आलेल्याला गाव काय देतं, यावरून त्या गावाचा इतिहास लिहावा.