गाव वसत नाही : त्रिरश्मीच्या लेखांतील परकी सेना आणि पडीक शेत

त्र्यंबकच्या वायव्येस घाटमाथ्यावर वसलेल्या हरसूल परिसरातील ओढे-नाले गोदावरीला मिळत नाहीत. ते पश्चिमेकडे वळून दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतात. नाशिकच्या इतिहासात हरसूलचे नाव क्वचितच घेतले जाते. कोकणा, महादेव कोळी व वारली या जमातींचा हा नागली-वरईचा मुलूख राजकीय इतिहासाच्या बाहेरच राहिला, असे सामान्यतः समजले जाते. परंतु सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात या दमण नदीचा व तिच्या शेजारच्या पार नदीचा नामनिर्देश आहे. तो लेख कोरविणारा होता परकी शक सत्तेचा सेनानी उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. परकी सैन्याच्या आगमनाने एखाद्या प्रदेशाचे काय होते, या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात याच नद्यांच्या काठाने करू इच्छितो.

उषवदात हा दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात. त्रिरश्मी पर्वतावरील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, दहाव्या क्रमांकाचे लेणे त्याने भिक्षुसंघास दिले. तेथील लेखात त्याच्या दानांची मोठी यादी आहे. गायी, गावे, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथील विश्रामगृहे यांबरोबरच इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या. हे पुण्यकर्म होते, यात शंका नाही. मात्र भरुकच्छ ते शूर्पारक हा किनारामार्ग ज्या नद्यांनी तोडला जातो, नेमक्या त्याच नद्यांवर या नावा होत्या. ज्या नावेतून सार्थवाह उतरतो, तिच्यातूनच सैनिकही उतरतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात अशी नोंद आहे की, कल्याण बंदरात येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छाकडे वळविली जात. तेव्हा हे युद्ध केवळ रणांगणावर नव्हे, तर बंदरांत व जकातनाक्यांवरही चालले होते.

याच लेखात पुढे एक मजकूर येतो. इतर दानांच्या ओळींत त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. उषवदात सांगतो की, भट्टारकाच्या आज्ञेने तो वर्षाऋतूत उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी गेला. त्यांना मालयांनी वेढले होते. मालय नुसत्या गर्जनेनेच पळाले आणि उत्तमभद्र क्षत्रियांचे बंदी झाले. नंतर पुष्करास जाऊन त्याने स्नान केले व तीन हजार गायी आणि एक गाव दान दिले.

मित्राच्या साहाय्यास परराज्यात सैन्य नेण्याची इतकी जुनी व इतकी थोडक्यात सांगितलेली हकिकत आपल्याकडे दुर्मिळ आहे. त्यातील ‘नुसत्या गर्जनेने’ हा शब्दप्रयोग आम्हांस विशेष वाटतो. सेना पाठविणारे सर्वच राजे असे बोलतात. जुलै 1987 मध्ये भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना जाफन्यात उतरली, तेव्हाही मोहीम थोडक्यात आटोपेल अशीच हवा होती. ऑक्टोबरात ज्यांच्या रक्षणाचे निमित्त होते त्यांच्याच गल्ल्यांतून लढाई सुरू झाली आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत सुमारे बाराशे भारतीय जवान मृत्युमुखी पडले. त्यांत 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. महार रेजिमेंटच्या या शौर्याचा अभिमान आमच्या वाचकांना आहे व तो असावाच. परंतु जाफन्याच्या सामान्य तमिळ माणसाने ती तीन वर्षे कशी काढली, हा प्रश्नही बुद्धानुयायाने विचारला पाहिजे. अफगाणिस्तानात डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत सेना उतरली, तीही ‘बोलावले म्हणून’. आणि त्या युद्धात जलालाबादजवळच्या हड्डा येथील विहारांचे अवशेष धुळीस मिळाले.

नाशिककडे परतू. उषवदाताने जिंकलेल्या प्रदेशात सारेच बळकावले, असे मात्र नाही. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने चार हजार कार्षापण मोजून शेत विकत घेतले व भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. बेचाळीसाव्या वर्षाच्या लेखात दोन हजार कार्षापण गोवर्धनातील एका कोष्टी श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत, हा हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे ज्या ऋतूत भिक्षू अंकुरांवर व कृमिकीटकांवर पाय पडू नये म्हणून एका जागी राहत, त्या ऋतूत त्यांचा दाता उत्तरेत वेढा उठवीत होता. संघाने हे दान नाकारल्याचे कोठेही दिसत नाही. या गोष्टीवर आमच्याकडे फारसे बोलले जात नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. चलनावरची सत्ता अशी पालटता येते. जमिनीची गोष्ट निराळी.

त्रिरश्मीच्या तिसऱ्या लेण्यातील दोन राजाज्ञा या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली अठराव्या वर्षाची. विजयी सैन्याच्या छावणीतून गौतमीपुत्र गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा करतो की, अपरककखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या भोगातले दोनशे निवर्तने शेत तेकिरसी, म्हणजे त्रिरश्मीवरील, प्रव्रजितांना द्यावे. त्यासोबत सवलती आहेत : त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्यास हात लावू नये, मिठासाठी खणू नये. या सवलतींच्या उलट बाजूने वाचले तर शेजारच्या, सवलत नसलेल्या शेतांत काय चालत असे, ते आपोआप कळते.

दुसरी आज्ञा चोविसाव्या वर्षाची, अमात्य श्यामकास उद्देशून. ती राजा आणि त्याची माता अशा दोघांच्या नावे आहे. तीत म्हटले आहे की, ककखडी गावी आम्ही पूर्वी शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. सबब नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय शेतांपैकी शंभर निवर्तने द्यावीत.

विजयानंतर सहा वर्षांनी शेत पडीक आणि गाव ओस! लेखात कारण दिलेले नाही. परंतु दोन सैन्ये ज्या मुलखातून गेली, तेथे हे घडावे यात आश्चर्य ते काय? गाव ओसाड पडण्यासाठी कत्तलच व्हावी लागते असे नाही. बैल ओढून नेले, बियाणे खाल्ले गेले, वेठीला माणसे धरली, एवढे पुरते. आज शांततेच्या काळातही दिवाळीनंतर हरसूल-पेठकडील कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात आणि मागे वृद्ध तेवढे राहतात. ती पावसाला परततात, एवढाच काय तो फरक. ककखडीची माणसे परतली नाहीत. संघाला बदली जमीन मिळाली, तीही निम्मी. पण कसणाऱ्यांना काय मिळाले, हे कोरून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात राज्यात लूटमार माजली असता पुरोहित महाविजित राजाला दंड वाढवू नकोस असे सांगतो. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि सेवकांना वेतन दे, असा त्याचा सल्ला आहे. बियाणे देणारी राजाज्ञा त्रिरश्मीवर नाही.

राजमाता गौतमी बलश्रीचा लेख पुलुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. पुत्राची स्तुती करताना ती त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा, शक-यवन-पह्लवांचा संहारक म्हणते. आणि त्याच स्तुतीत, अपराधी शत्रूचीही हिंसा ज्याला रुचत नाही असाही म्हणते. ही दोन विशेषणे एकाच भिंतीवर आहेत. प्रशस्तिकाराची ही अतिशयोक्ती होय, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात ककखडीचे ओस गाव जिला ठाऊक होते अशा वृद्ध मातेचा अडखळलेला आवाज ऐकू येतो.

‘निःशेष’ हा शब्दही तपासून घ्यावा. लढाऊ क्षहरात गेले, परंतु शक म्हणून आलेली माणसे येथेच राहिली. त्रिरश्मीवरच, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, अग्निवर्म्याची कन्या शकनिका उपासिका विष्णुदत्ता हिने गोवर्धनातील कुंभार, तेली इत्यादी श्रेण्यांकडे कायमची ठेव ठेवली. त्या ठेवीच्या व्याजातून येथील आजारी भिक्षूंना औषध मिळावे, अशी तिची इच्छा कोरलेली आहे.